वादळात घराचं छप्पर गेलं. मदतीसाठी सुरुवात कुठून करायची?

शुभदा_म्हापसा
नमस्कार मंडळी. माझी मावशी आणि काका मांद्र्याला राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे. परवाच्या वादळात शेजारच्या भाटातला (बागेतला) आंबा मुळासकट उन्मळला आणि त्यांच्या घरावर आडवा झाला. घर जुनं, मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. सोपा आणि त्याच्या मागची खोली उघडी पडलीय, वासे मोडलेत, एक भिंत बाहेरच्या बाजूला फुगलीय. फ्रीज, गाद्या, वर्षाचे उकडे तांदूळ, सगळं भिजलं. माणसं वाचली, एवढं देवानं राखलं. सध्या दोघं माझ्याकडे आहेत.

सरकारी मदत मिळते असं सगळेच सांगतात. पण मागायची कुणाकडे? पंच म्हणतो तलाठ्याला गाठ, कुणी म्हणतं मामलेदार, कुणी म्हणतं आमदाराच्या हातात अर्ज दे, कुणी मुख्यमंत्री निधीचं नाव घेतं. त्यात घर अजून काकांच्या वडिलांच्या नावावर आहे. ते जाऊन जमाना झाला, वारसांतला एक जण इंग्लंडला. विमा नाही. काकांनी तर "सरकार काय देणार" म्हणून हात झटकलेत. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी किंवा २०२१ च्या पुरात यातून कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

सत्तरीकर
झाड हलवलं का? नसेल तर आधी फोटो. बाकी सगळं नंतर.

शुभदा_म्हापसा
अग्निशामक दलाच्या मुलांनी फांद्या कापून वाट मोकळी करून दिली. खोड अजून छपरावरच आहे.

सत्तरीकर
मग लगेच जा आणि चारी बाजूंनी फोटो काढ. एक फोटो असा हवा की त्यात घर क्रमांकाची पाटी आणि मोडलेलं छप्पर एकत्र दिसेल. आतून वर बघून काढ, मोडलेले वासे दिसू देत. फुगलेली भिंत बाजूने काढ, समोरून फुगवटा कळत नाही. भिजलेलं सामान फेकण्याआधी अंगणात मांडून त्याचाही फोटो घे. छोटा व्हिडिओ कर. पण खोडाखाली जाऊ नका, आणि विजेची तार लोंबत असेल तर १९१२ वर कळवून वीज खात्याचा माणूस येईपर्यंत अंगणातसुद्धा पाय टाकू नका. तौक्तेत गोव्यात दोन जीव गेले ते झाड आणि खांब पडूनच गेले.

अग्निशामक दल आलं होतं हे चांगलं झालं. त्यांच्याकडे घटनेची नोंद असते, वेळ, ठिकाण आणि नुकसानीच्या अंदाजासकट. त्या नोंदीची प्रत मागून घे. पुढे "हे झाड वादळातच पडलं कशावरून?" असं कुणी विचारलं तर त्या एका कागदावर भागतं.

जुना_कारकून
मी महसूल खात्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. शुभदाबाय, क्रम सांगतो.

साधा अर्ज मामलेदारांच्या (तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्यांच्या) नावे लिहायचा, तुमच्यासाठी पेडण्याच्या. घटना कधी घडली, कुठे, काय नुकसान, घरात किती माणसं, बँक खातं. सोबत घरपट्टीची पावती, आधार, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, फोटो. अर्जाच्या दोन प्रती करायच्या आणि एका प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायचीच. तोंडी सांगून, फोन करून, पंचाच्या कानावर घालून अर्ज होत नाही. मग तलाठी येऊन पंचनामा करतो. बांधकामाचं नुकसान किती ते अभियंता ठरवतो. प्रकरण मामलेदारांकडून वर मंजुरीला जातं आणि पैसे खात्यात येतात. आमदारांना जरूर भेटा, ते पाठपुरावा करतात, पण पंचनाम्याची जागा त्यांचं पत्र घेऊ शकत नाही.

आता कळीची गोष्ट. पंचनाम्यात घर "अंशतः" पडलं लिहिलंय की "पूर्णतः", यावर सगळं ठरतं. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे जे दर लावून दिले, त्यात घर पूर्ण पडलं किंवा राहण्यालायक राहिलं नाही तर सपाट भागात १ लाख २० हजार रुपये. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के नुकसान असेल, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. फरक बघा केवढा आहे! म्हणून पंचनामा चालू असताना घरचं कुणीतरी जाणतं माणूस तिथे उभं पाहिजे. फुगलेली भिंत दाखवा, तडे दाखवा. तलाठी एका दिवसात कितीतरी घरं बघत असतो, त्याच्या डोळ्यांत नेमकं ते दिसेलच असं नाही. सही करण्याआधी वाचा. काही राहिलं असेल तर तिथेच लिहायला सांगा.

रापणकार
६,५०० रुपयांत छपराच्या कौलांची गाडीसुद्धा यायची नाही. हा थट्टेचा विषय झाला.

जुना_कारकून
रापणकारबाब, तुमचा राग समजतो. पण ही नुकसानभरपाई नव्हे. कागदावर तिचं नाव मदत किंवा सानुग्रह अनुदान असं असतं, आणि तातडीने उभं राहायला हात म्हणूनच ती दिली जाते. हे दर कमी आहेत असं माझंही स्पष्ट मत आहे. माती-कौलांच्या घराला तर ते अजिबात पुरत नाहीत. राज्य सरकार ठरवेल तर यात आपली भर घालू शकतं, आणि ही मागणी ग्रामसभेत ठरावाच्या रूपाने गेली पाहिजे.

वाळपईची_सुमन
आमचं घर २३ जुलै २०२१ च्या पुरातलं. सत्तरी, डिचोली, उसगाव, सगळीकडे हाहाकार होता. जुनी माणसं म्हणत होती १९८२ नंतर असं पाणी बघितलं नाही. आमच्याकडे म्हादई परसातून आत शिरली.

शुभदाताई, तुमच्या फुगलेल्या भिंतीबद्दल वाचून काळजी वाटली म्हणून लिहिते. आमच्या मातीच्या भिंती पाण्यात असताना उभ्या होत्या. पाणी उतरलं, ऊन पडलं, आम्ही चिखल काढायला लागलो आणि दुपारी मागची भिंत आतल्या आत बसली. आधी वरून माती भुरभुरली, मग कोनाड्यातली समई खाली आली, आणि सासूबाईंनी मुलाला हाताला धरून बाहेर ओढलं. भिंत पडताना आवाज फार मोठा नाही झाला, धूळ मात्र रस्त्यापर्यंत गेली. तेव्हा काकांना "सामान काढून येतो" म्हणून आत जाऊ देऊ नका.

आणि दुसरं. आमचा पंचनामा भिंत पडण्याच्या आधी झाला होता, "अंशतः" म्हणून. भिंत बसल्यावर माझ्या दिराने त्याच दिवशी दुसरा अर्ज दिला, नवीन फोटोंसह, फेरपाहणीची मागणी करून. तो अर्ज नसता तर आम्ही पहिल्या रकमेवरच राहिलो असतो. घराची स्थिती बिघडली की पुन्हा लिहून द्यायचं, लाजायचं नाही.

पोदेर
सुमनताई, वाचून अंगावर काटा आला. सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं.

भाटकार_नव्हे
झाड शेजाऱ्याच्या भाटातलं म्हणताय. मग शेजाऱ्याने खर्च द्यायला नको का?

अ‍ॅड_तिसवाडी
सरसकट नाही. वादळात निरोगी झाड पडलं तर ती नैसर्गिक आपत्ती, मालकाला जबाबदार धरणं कठीण. पण झाड पोखरलेलं, कललेलं होतं, धोका लेखी कळवला होता आणि मालकाने दुर्लक्ष केलं, तर गोष्ट वेगळी. म्हणून ज्यांच्या घराकडे अशी झाडं कलली आहेत त्यांनी पावसाआधी पंचायतीला आणि उपजिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा. धोकादायक झाड हटवण्याचा आदेश देण्याचा अधिकार उपजिल्हाधिकाऱ्यांना आहे, आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली येतो. परस्पर झाड तोडू मात्र नका, १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा गोव्यात लागू आहे.

पोदेर
माड पण त्यात येतो का हो? आमच्याकडे घरावर माडच कललाय.

अ‍ॅड_तिसवाडी
येतो. २०१६ मध्ये माड वगळला होता, त्यावर गोवाभर ओरड झाली, आणि २०१७ मध्ये तो परत घेतला, वर राज्यवृक्षही केला. तेव्हा अर्ज करा. राज्यवृक्ष असला तरी तुमच्या छपरावर पडायचा मान त्याला द्यायची गरज नाही.

कुळागर_सावईवेरे
:) माडाचं बाजूला ठेवतो, पण बागायतीचं कुणीच बोललं नाही. घर शाबूत आणि कुळागर (पोफळी-माडांची बाग) भुईसपाट, अशी कितीतरी कुटुंबं असतात. तौक्तेत आमच्या पोफळी आगकाड्यांसारख्या मोडल्या. पोफळ पुन्हा लावली तरी सुपारी यायला वर्षं लागतात, तोवर घर चालवायचं कशावर? यासाठी मामलेदारांकडे नाही, विभागीय कृषी कार्यालयात जायचं. गोव्यात शेतकरी आधार निधी ही योजना आहे, तिच्यासाठी कृषी कार्ड हाताशी असलेलं बरं. केंद्राच्या निकषांत बारमाही पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये आहेत, तेही ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर आणि दोन हेक्टरपर्यंतच. मोडलेली झाडं मोजून होईपर्यंत बाग साफ करू नका. गोठा पडला असेल तर ३,००० आणि दुभती गाय-म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये. जनावर पुरण्याआधी पशुवैद्याचा दाखला घ्या, नंतर तो कुणीच देऊ शकत नाही.

एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर आमचं नाव कूळ म्हणून होतं, म्हणून काम झालं. ज्यांची नावं चढलेली नाहीत त्यांनी या उन्हाळ्यातच तो विषय हातात घ्यावा.

रापणकार
आता आमचं ऐका. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं, तेव्हापासून बघतोय. होडी मोडली तर मत्स्योद्योग खात्याकडे जायचं. केंद्राचे दर: होडीची दुरुस्ती ६,०००, होडी पूर्ण गेली तर १५,०००, जाळ्याच्या दुरुस्तीला ३,०००, नवीन जाळ्याला ४,०००. आजचा इंजिनाचा भाव विचारा आणि मग हे आकडे वाचा. त्यात होडीची नोंदणी नसेल तर तेही नाही. आमच्या वाड्यावर पात (लहान होडी) चालवणारे म्हातारे आहेत, त्यांना नोंदणी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. आम्ही पोरांनी मिळून त्यांचे कागद केले. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा सगळे घरीच असतात, हे काम त्याच दिवसांत होतं.

कुणी दर्यात गेला आणि परतलाच नाही तर मत्स्य संपदा योजनेखाली गट अपघात विमा आहे, पाच लाखांचा. कुटुंबाला हे माहीत नसतं. दुःखात कोण विचारणार? शेजाऱ्यांनी विचारायचं असतं.

नीला_फोंडा
रापणकार, ही शेवटची ओळ फार महत्त्वाची. त्यालाच जोडून लिहिते. मी बँकेत काम करते. वादळात कुणी गेलं असेल तर त्या माणसाचं पासबुक उघडून बघा, वर्षातून एकदा २० रुपये कापलेले दिसतात का. दिसले तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा, दोन लाखांचा. अपघाती मृत्यूसाठी आहे आणि नैसर्गिक आपत्तीत आलेला मृत्यूही त्यात धरतात. ४३६ रुपये कापलेले असतील तर जीवन ज्योती, तेही दोन लाख, कारण कुठलंही असो. ही रक्कम सरकारच्या चार लाखांच्या सानुग्रह मदतीपेक्षा वेगळी, दोन्ही मिळतात. सुरक्षा विम्याचा दावा लवकर, शक्यतो तीस दिवसांच्या आत शाखेत द्या. किती विधवा बायांनी हे पैसे मागितलेच नाहीत, केवळ नवऱ्याने कधी कुठे सही केली ते ठाऊक नव्हतं म्हणून. मला याचं फार वाईट वाटतं.

कर्ज चालू असेल तर हप्ता थकायच्या आधी शाखेत जाऊन लेखी सांगा. आपत्तीग्रस्तांच्या कर्जाची फेररचना करायची रिझर्व्ह बँकेची पद्धत ठरलेली आहे, पण मागितल्याशिवाय कुणी दारात येत नाही.

भाटकार_नव्हे
जरा वेगळं बोलतो, रागावू नका. आपल्या गावांत पूर्वी घर पडलं की सगळा वाडा जमायचा, दोन दिवसांत छप्पर उभं व्हायचं. आता प्रत्येक जण अर्ज घेऊन रांगेत. सरकारकडे हात पसरायची ही सवय बरी नाही.

सत्तरीकर
पूर्वी वाड्यावर चाळीस हात होते. आता त्यातले अर्धे आखातात आणि लंडनला. दोन म्हातारी माणसं, त्यांनी खोड उचलायचं कसं?

वाळपईची_सुमन
भाटकार_नव्हे दादा, आमच्याकडे दोन्ही झालं. गावातल्या मुलांनी चिखल काढला, चर्चच्या आणि देवळाच्या लोकांनी मिळून जेवण दिलं, कुणी न विचारता चादरी आणून ठेवल्या. पण भिंत बांधायला चिरे लागतात आणि चिऱ्यांना पैसे लागतात. तो निधी आपल्याच करातून येतो. तो मागणं म्हणजे हात पसरणं, हे मला मान्य नाही.

भाटकार_नव्हे
ठीक. वाड्याने जमलं पाहिजे एवढंच माझं म्हणणं होतं, त्यावर कायम आहे. शुभदाबाय, मांद्र्यात खोड काढायला माणसं हवी असतील तर माझ्या ओळखीचे तिघं जण करवतीसह येतील. मजुरीचं मी बघतो.

शुभदा_म्हापसा
देव बरें करूं. खरंच हवी आहेत, पंचनामा झाला की कळवते.

फोर्टमायर्सहून_अनिता
मूळची मी काणकोणची, सध्या फ्लोरिडात. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. इथे फेमा नावाची केंद्रीय संस्था मदत देते. फोनवर किंवा संकेतस्थळावर नोंदणी करायची, साधारणपणे आपत्ती जाहीर झाल्यापासून साठ दिवसांत. नुकसान बघायला निरीक्षक येतो. विमा असेल तर आधी विम्याचा निकाल. सरकारी मदत इथेही पूर्ण घर उभं करून देत नाही, राहिलेल्यासाठी कमी व्याजाचं सरकारी कर्ज घ्यावं लागतं.

दोन गोष्टी तुमच्या कामाच्या वाटतात. पहिली: इथे कितीतरी जणांना "अपात्र" असं पत्र येतं आणि लोक ते वाचून गप्प बसतात. बहुतेकदा एखादा कागद कमी असतो, एवढंच. अपील केलं की मिळतं. माझ्या शेजारच्या आजींचं तसंच झालं. दुसरी: इथेही आजोबांच्या नावावरची, कागद न झालेली घरं भरपूर आहेत, विशेषतः गरीब वस्त्यांत. २०२१ मध्ये फेमाने नियम सैल केला आणि अशा वारसांकडून स्वतःचं प्रतिज्ञापत्रही चालवून घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे असं का होऊ नये?

अ‍ॅड_तिसवाडी
अनिताताईंनी नेमकं दुखणं पकडलं. शुभदाताई, तुमच्या मूळ प्रश्नातला अवघड भाग हाच आहे. गोव्यात निम्म्या जुन्या घरांची हीच कथा: आजोबा गेले, इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटून घ्यायची कोर्टाची कारवाई) कुणी केली नाही, वारस तीन देशांत. इन्व्हेंटरी करायची तर करा, पण मदतीसाठी तिची वाट बघत बसू नका, तोवर चार पावसाळे जातील. आज काय करायचं ते सांगतो. काका तिथे राहतात आणि घरपट्टी भरतात हे दाखवा: पावत्या, वीजबिल, शिधापत्रिका, मतदार यादी. काकांच्या वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि काकांचा जन्मदाखला जोडा म्हणजे नातं सिद्ध होतं. इतर वारसांची ना हरकत मिळत असेल तर उत्तम. इंग्लंडच्या भावाकडून सही केलेलं पत्र सध्या ईमेलने मागवा. तेही होत नसेल तर काकांचं प्रतिज्ञापत्र: मी इथे राहतो, मदत घराच्या दुरुस्तीसाठीच वापरेन, इतर वारसांच्या हक्काला यामुळे बाधा नाही.

निकषांत घर अधिकृत असावं अशी अट आहे, म्हणून घर क्रमांक आणि घरपट्टी यांना एवढं महत्त्व. मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणारे, असाल तर १९७५ च्या कायद्याने राहत्या घराला संरक्षण आहे. भाटकाराची सही नाही म्हणून अर्ज घेतलाच नाही, असं होऊ देऊ नका. लेखी नकार मागा.

आणि सगळ्यांसाठी: पूर किंवा वादळासारख्या आपत्तीत सापडलेल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा किंवा तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीत जा. आम्ही वकील मंडळी तिथे बसलेलो असतो आणि माणसं येत नाहीत.

पोदेर
भाड्याने राहणाऱ्यांचं काय? आमच्या बाजूच्या चाळीत बायणाकडून आलेलं कुटुंब आहे, पत्रे उडाले, सगळा संसार भिजला. मालक म्हणतो मदत मला मिळेल, घर माझं.

जुना_कारकून
घराची मदत घरमालकाची, बरोबर. पण कपड्यांसाठी २,५०० आणि भांडीकुंडी-सामानासाठी २,५०० असे जे पैसे आहेत ते कुटुंबाला उद्देशून आहेत. घर पूर्ण पडलं, वाहून गेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं अशा कुटुंबांसाठी. भाडेकरू कुटुंबाने स्वतःच्या नावे वेगळा अर्ज द्यावा, पंचनाम्यात सामानाची नोंद स्वतंत्र करून घ्यावी. कुणी जखमी होऊन आठवड्याहून जास्त रुग्णालयात राहिलं तर १६,०००, कमी दिवस राहिलं तर ५,४००. रुग्णालयाची कागदपत्रं जपून ठेवा.

नीला_फोंडा
आणि कुणीही "मदत मंजूर झाली, ओटीपी सांगा" म्हणून फोन केला तर ठेवून द्या. दर वादळानंतर हे सुरू होतं. टक्केवारी मागणारा एजंटही नको. या अर्जाला फी नसते.

मडगावचा_विनय
विम्याबद्दल थोडं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा ही एकसारखी पॉलिसी द्यावीच लागते. वादळ, पूर, वीज, झाड पडणं सगळं धरलेलं. घराच्या रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाख, एवढं घरातलं सामान आपोआप त्यात येतं. आमच्या फ्लॅटचा हप्ता महिन्याच्या एका वेळच्या बाहेरच्या जेवणाइतकाही येत नाही. जुन्या मातीच्या घराचा घेताना भिंती मातीच्या आहेत हे अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येतं. माझ्या आत्येच्या बाबतीत एका कंपनीने तसंच केलं. गाडीवर झाड पडलं तर फक्त तृतीय पक्ष विमा कामाचा नाही, सर्वसमावेशक लागतो.

शुभदा_म्हापसा
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर होतोय, काल दिवसभर पेडण्यात होते. अर्ज दिला, पोच घेतली. अग्निशामक दलाच्या नोंदीची प्रत मिळाली. आज सकाळी तलाठी येऊन गेले, चांगले होते, शांतपणे ऐकून घेतलं. पंचनाम्यात आधी "छपराचे अंशतः नुकसान" लिहिलं होतं. मी सुमनताईंचं सगळं डोक्यात ठेवून त्यांना भिंतीच्या बाजूला नेलं, ओळंबा लावून दाखवला. त्यांनी भिंतीचा फुगवटा, तडे आणि "घर सध्या राहण्यास योग्य नाही" हे लिहून घेतलं, अभियंत्याच्या पाहणीसाठी शेरा मारला. इंग्लंडच्या काकांचं पत्रही ईमेलने आलं, त्यांनी वर पैसे पाठवतो म्हणून सांगितलं.

एक अडचण राहिली. ऑफिसात एक जण म्हणाला, हे नाव असलेलं चक्रीवादळ नव्हतं, नुसता वादळी पाऊस होता, तेव्हा या निधीत बसेल की नाही सांगता येत नाही. असं असतं का?

जुना_कारकून
केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, पूर, ढगफुटी, दरड अशा आपत्ती आहेत हे खरं. पण राज्याला त्या निधीतले दहा टक्क्यांपर्यंत पैसे स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतात, राज्याने त्या आपत्ती तशा जाहीर केलेल्या असल्या की झालं. शिवाय पावसाळी पडझडीची प्रकरणं आपल्या मामलेदार कचेऱ्या दर वर्षी हाताळतात. तोंडी शंकेवर घरी बसू नका. प्रकरण वर जाऊ द्या. नकार आलाच तर लेखी, कारणासह मागा, मग त्यावर अपील आणि गरज पडली तर माहिती अधिकार.

शुभदा_म्हापसा
ठीक आहे, तसंच करते. आणखी एक सांगायचं होतं. पंचनाम्याला गेले तेव्हा कळलं, त्याच वाड्यावर अजून चार घरांचं नुकसान झालंय आणि एकानेही अर्ज दिलेला नाही. एका आजींनी तर निळी ताडपत्री बांधून वर कौलं पुन्हा रचायला घेतली होती, फोटोसुद्धा नाही. मी त्यांना थांबवून मोबाइलवर काढले.

सत्तरीकर
मग रविवारी जाऊया. मी प्रिंटर गाडीत टाकून आणतो.

अ‍ॅड_तिसवाडी
मी येतो. प्रतिज्ञापत्रांचा मसुदा करून आणतो, सोमवारी ती नोटरीकडे करून घेता येतील.

भाटकार_नव्हे
करवतवाले रविवारीच पाठवतो. पंचनामा झालेल्या घराचंच खोड आधी काढतील.

शुभदा_म्हापसा
रविवारी सकाळी दहा वाजता, मावशीच्या अंगणात. पंचांना सांगून ठेवलंय, ते वाड्यावर निरोप देतील. प्रत्येकाने घरपट्टीची पावती, आधार, पासबुक आणि वीजबिल आणायचं. कागद भिजले असतील तर तसेच आणा, फेकू नका. पत्ता ज्यांना हवा त्यांनी मला खासगी निरोप पाठवा.